परसबागेतील फुले आणि रानातील मधमाश्या

वेलीस फुले भरपूर येतात, परंतु फळ धरत नाही. धरले तरी वाकडे होऊन गळते, अशी तक्रार तांबडा भोपळा, काकडी, कलिंगड यांची लागवड करणारे शेतकरी वारंवार करतात. त्यावर खताची मात्रा वाढविणे, पाण्याची पाळी लवकर देणे किंवा एखादे औषध फवारणे असे उपाय योजले जातात. पुष्कळ वेळा मात्र दोष खताचा नसतो आणि पाण्याचाही नसतो. ज्या माशीने नर फुलातील पराग मादी फुलापर्यंत न्यावयाचा, ती माशीच शेतात आलेली नसते. ती का येत नाही आणि तिला आणण्यासाठी बीड जिल्ह्यातील शेतकऱ्यास आपल्या परसात व बांधावर काय करता येईल, याचा विचार ह्या पाठात करावयाचा आहे.

प्रथम एक प्रात्यक्षिक

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय भाषणाने सुरू न करता प्रात्यक्षिकाने सुरू करावा. तांबड्या भोपळ्याच्या एकाच वेलावर, दुसऱ्या दिवशी उमलतील अशा तीन मादी कळ्या सायंकाळी निवडाव्या. मादी कळीच्या बुडाशी इवलेसे फळ दिसते, यावरून ती ओळखता येते. पहिल्या व दुसऱ्या कळीवर मलमलीच्या कापडाची पिशवी बांधावी. तिसरी उघडी ठेवावी. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-नऊच्या आत दुसऱ्या कळीची पिशवी सोडून, ताज्या नर फुलाचा पराग तिच्या मध्यभागावर हलकेच घासावा व पिशवी पुन्हा बांधावी. फुले कोमेजल्यावर पिशव्या काढून टाकाव्या.

साधारण आठवड्याभरात पहिले फळ पिवळे पडून गळेल. दुसरे वाढू लागेल. तिसऱ्याचे काय होते, ते मात्र आपल्या शेतावर अवलंबून आहे. तिसरे फळही वाढले, तर शेतात माश्या आहेत असे समजावे. दुसरे वाढले आणि तिसरे गळाले, तर खत, पाणी व वेल एकच असल्यामुळे उणीव माशीचीच आहे, हे कोणासही पटेल. एका फुलावरून निर्णय करू नये; निरनिराळ्या वेलांवर चार-पाच वेळा हा प्रयोग करावा.

कोणत्या पिकास माशी हवी?

सर्वच पिकांस माशीची गरज सारखी नसते. बाजरीचा पराग मुख्यतः वाऱ्याने पसरतो. ज्वारी, तूर व करडई ही पिके बव्हंशी स्वतःच्या परागावर दाणा धरतात. तरी तुरीच्या व करडईच्या फुलांवर माश्या आल्याने मदत होते. सूर्यफुलावर माश्या न आल्यास कणसाच्या मध्यभागी पोचट दाणे राहतात. कांद्याच्या फुलात पराग आधी पिकतो आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होते; म्हणून कांद्याचे बी धरणाऱ्या शेतकऱ्यास कीटकांवाचून गत्यंतर नाही. वेलवर्गीय भाज्यांत तर नर व मादी फुलेच वेगळी असतात.

वांगे आणि टोमॅटो यांची गोष्ट विशेष आहे. यांचा पराग बंद नळीसारख्या भागात असतो व फूल जोराने थरथरले म्हणजे तो बाहेर पडतो. पेटीत पाळलेल्या मधमाशीला हे काम साधत नाही. काळा भुंगा आणि पोटावर निळसर पट्टे असणारी रानमाशी फुलास घट्ट धरून पंखांचे स्नायू थरथरवितात, तेव्हा पराग झडतो. सकाळी वांग्याच्या वाफ्यात जो तुटक गुणगुणाट ऐकू येतो, तो ह्याच कामाचा होय.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. आपल्या जिल्ह्याच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या सीताफळाचे परागीभवन मधमाश्या करीत नाहीत. ते अगदी बारीक भुंगेरे करतात. त्यामुळे माश्या वाढल्या म्हणजे सीताफळही वाढेल, असे आश्वासन शेतकऱ्यास देऊ नये. जे खरे आहे तेवढेच सांगितल्याने आपल्या शब्दावर विश्वास राहतो.

रानमाश्या म्हणजे कोणत्या?

मधमाशी म्हटली की आपल्यास पोळे आठवते. उंच झाडावर किंवा कड्यावर लटकणारे आग्या मोहोळ, झुडपात एकच लहान पोळे करणारी फुलोरी माशी आणि झाडाच्या ढोलीत राहणारी सातेरी माशी, ह्या आपल्या परिचयाच्या आहेत. परंतु जगात मधमाश्यांच्या सुमारे २०,००० जाती आहेत आणि त्यांपैकी बहुसंख्य जाती पोळे करीतच नाहीत. त्यांची मादी एकटीच राहते. कोणी बांधाच्या मातीत बीळ करते, कोणी मातीच्या जुन्या भिंतीत, कोणी वाळक्या लाकडात, तर कोणी पोकळ काडीत पानांचे गोल तुकडे रचून घर करते. ह्या माश्या मध साठवून ठेवीत नाहीत. म्हणून त्यांच्याकडे आपले लक्ष जात नाही. त्या आपण होऊन क्वचितच डंख करतात.

आग्या माशी चाऱ्यासाठी कित्येक किलोमीटर जाऊ शकते. लहान एकांडी माशी मात्र आपल्या बिळापासून काही शे पावलांपलीकडे सहसा जात नाही. तेवढ्या टापूत तिला फुले, घर आणि पाणी मिळाले तर ती राहते. नाहीतर नाहीशी होते. एका शेतकऱ्याचे परस आणि एक बांध यांचे मोल म्हणूनच मोठे आहे.

लेखकाची एक चूक

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने एका गावी मोठ्या उत्साहाने फुलबाग करविली. भरगच्च पाकळ्यांचा झेंडू, गुलाब आणि बोगनवेल लावली. बाग सुंदर दिसली; येणारे-जाणारे थांबून पाहू लागले. माश्या मात्र जवळजवळ आल्याच नाहीत. एका वृद्ध शेतकरी बाईंनी ते पाहून म्हटले, "साहेब, तुमची फुलं देवाला चालतील, माशीला नाही चालायची. माशी बघायची तर माझ्या कोथिंबिरीच्या वाफ्याकडे चला." त्यांच्या परसात बियाण्यासाठी राखलेली कोथिंबीर पांढऱ्या तुऱ्यांनी भरली होती आणि तिच्यावर नाना प्रकारच्या माश्या घोंघावत होत्या.

कारण सोपे आहे. दुहेरी फुलात पाकळ्या वाढतात, पण पराग व मकरंद कमी होतो किंवा माशीला तेथपर्यंत पोहोचता येत नाही. बोगनवेलीचा रंग पाकळ्यांचा नसून पानांचा असतो. माश्यांसाठी फूल निवडताना ते साधे, एकेरी व उघडे असावे.

भुकेचे महिने

दुसरी गोष्ट काळाची. पूर्वी आपल्या शेतांत करडई, जवस, तीळ, कारळा ही पिके एकामागून एक फुलत. गेल्या काही दशकांत त्यांची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीन व कापूस यांनी घेतली. एकच पीक थोडे दिवस फुलते आणि नंतर शिवार उजाड होते. अवर्षणाच्या वर्षी हा उपासाचा काळ अधिकच लांबतो. माशीला आठ दिवसांची मेजवानी नको. तिला वर्षभराची भाकरी हवी. यास्तव फुलोऱ्याची साखळी पुढीलप्रमाणे जुळवावी.

जून-जुलै : बाभूळ, निर्गुडी, तरवड, तुळस.

ऑगस्ट ते नोव्हेंबर : तीळ, कारळा, मूग, उडीद, सूर्यफूल, वेलभाज्या, बोर.

डिसेंबर ते फेब्रुवारी : तूर, करडई, जवस, मोहरी, बियाण्यासाठी राखलेली मेथी, कोथिंबीर व मुळा, बांधावरील गिरिपुष्प.

मार्च ते मे : शेवगा, कडुनिंब, करंज, जांभूळ, बियाण्याच्या कांद्याचे गोंडे.

परसात वीस फूट लांब व पाच फूट रुंद असा एक वाफा पुरेसा आहे. निरनिराळ्या प्रकारची फुले मिसळून न लावता एकेक प्रकार घोळक्याने लावावा. माशीला तो लवकर सापडतो. कोथिंबीर, मेथी, मुळा यांची चार-सहा रोपे न उपटता फुलू द्यावी. तुळशीच्या एका तरी रोपाच्या मंजिऱ्या खुडू नयेत. ह्यास वेगळा खर्च लागत नाही. घाणेरी व गाजरगवत यांवर माश्या दिसल्या तरी त्यांची लागवड किंवा राखण कदापि करू नये. ती रानात पसरून इतर वनस्पतींना मारक ठरतात.

पाणी कोण घालणार?

आपल्या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्यात परततात. घरी वृद्ध माणसे व कधी शाळकरी मुले राहतात. जी बाग रोज पाणी मागते, ती अशा घरी जगणार नाही, हे योजना आखतानाच ध्यानात घ्यावयास पाहिजे.

म्हणून कुटुंब गावी असते त्या जून-जुलै महिन्यांत, पहिला चांगला पाऊस होताच बांधावरची लागवड उरकावी. गिरिपुष्प व निर्गुडी यांच्या फांद्या लावता येतात. तरवडाचे बी रात्रभर भिजवून पेरावे. करंज व कडुनिंब यांची रोपे लावावी. तरवड व निर्गुडी यांना गुरे सहसा तोंड लावीत नाहीत, त्यामुळे कुंपणाचा खर्च वाचतो. ही झाडे मूळ धरल्यावर बेताच्या पावसावर तग धरतात. बालाघाटाच्या मुरमाड माळावर हीच लागवड अधिक योग्य होय. परसात मोरीचे पाणी जेथे जिरते तेथे शेवगा व तुळस लावावी. घरी राहिलेल्या माणसाच्या रोजच्या वापरातूनच त्यांचे पाणी निघते. उथळ परळात खडे घालून थोडे पाणी ठेवावे, म्हणजे माश्या न बुडता पितात.

माश्यांचे घर

फुले लावली पण घर मोडले, तर श्रम व्यर्थ जातात. बांधाचा दोन-तीन हात रुंदीचा एक तुकडा, पाणी न साचणारा व ऊन लागणारा, नांगरटीतून वगळावा. तेथे थोडी माती उघडी असावी. बांध पेटविण्याची चाल सोडावी. वाळक्या गवताबरोबर पोकळ काड्यांतील पिल्ले जळतात आणि आग शेजारच्या झाडांतही शिरते. बीडजवळ पालवण येथील सह्याद्री देवराईत फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्षसंमेलन भरले होते. लोकांनी कष्टाने वाढविलेल्या त्या डोंगरावरील झाडांनाही पुढे वणव्याची झळ लागली. आग लहान बांध आणि मोठी देवराई असा भेद करीत नाही.

पोकळ बांबूचे सुमारे अर्धा फूट लांबीचे तुकडे, एक टोक पेराने बंद राहील असे कापावे. छिद्र चार ते दहा मिलिमीटर असावे. वीस-पंचवीस तुकड्यांची मोळी बांधून, पावसाने भिजणार नाही अशी वळचणीखाली, तोंड पूर्वेकडे करून टांगावी. एखाद्या नळीचे तोंड माती वा पानांनी बंद झालेले दिसले म्हणजे आत पिल्लू आहे असे समजावे व मोळी हलवू नये. आग्या मोहोळास मात्र कोणी जवळ जाऊन डिवचू नये. त्याचा हल्ला जीवघेणा होऊ शकतो. मधासाठी त्यास आग लावणे हेही तितकेच अयोग्य आहे.

फवारणीविषयी

पीक फुलोऱ्यात असताना शक्यतो कीटकनाशक फवारू नये. किडीने नुकसानीची पातळी ओलांडलीच, तर माश्या परतल्यावर, सायंकाळी, वारा नसताना फवारावे. इमिडाक्लोप्रिड व थायामेथोक्झाम यांसारखी औषधे माश्यांना अतिशय घातक आहेत. डब्यावरील सूचना वाचल्याशिवाय औषध वापरू नये आणि उरलेले द्रावण बांधावरील फुलांवर ओतू नये.

पेट्या आधी की फुले आधी?

पुणे येथे १९६२ साली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. हे वाचून आपल्याकडेही पेट्या आणाव्या असे अनेकांस वाटते. इच्छा चांगली आहे. परंतु मांघरच्या पाठीशी सह्याद्रीच्या जंगलाचा फुलोरा आहे. आपल्या शिवारात तो आपणच निर्माण करावयाचा आहे. फुलोरा नसताना आणलेल्या पेटीतील माशीला साखरेच्या पाकावर जगवावे लागते. तेव्हा फुले आधी, पेट्या मागाहून, हाच क्रम योग्य होय.

शेवटी एक साधी नोंद ठेवावी. दर पंधरवड्यास, सकाळी नऊच्या सुमारास, वाफ्याच्या हातभर चौरस भागासमोर दहा मिनिटे बसून किती माश्या आल्या व त्या किती प्रकारच्या होत्या, हे वहीत लिहावे. शाळेतील मुले हे काम आवडीने करतात. ज्या पंधरवड्यात रकाना रिकामा राहील, त्याच काळात फुलणारे एक झाड येत्या पावसाळ्यात लावावे. असे दोन-तीन वर्षे केल्यास साखळीतील तुटलेल्या कड्या एकेक करून जुळतील. त्यानंतर आरंभीचे तीन कळ्यांचे प्रात्यक्षिक पुन्हा करून पाहावे. उघडी ठेवलेली तिसरी कळी माणसाचा हात न लागता फळ धरू लागली, म्हणजे आपले काम फळास आले असे समजावे.