नोआ : एका नावाची ओळख

2000 सालानंतर कित्येक वर्षे इस्राएलमध्ये ज्यू मुलींसाठी सर्वांत जास्त ठेवले गेलेले नाव म्हणजे 'नोआ'. पुढे 'तामार'ने त्याला मागे टाकले. तरी बाळाचे नाव 'नोआ' ठेवले असे कळले की कोकणात वाढलेल्या आजीबाई हमखास विचारतात, "अगं, नोहा तर पुरुष! तारू बांधणारा. मुलीला हे नाव कसे?" शंका रास्त आहे, म्हणून वाचकांबरोबर आम्ही तिचा विचार करीत आहोत.

तारूवाल्याचे नाव हिब्रूत नून आणि खेत या दोन अक्षरांचे. त्याचा संबंध विसाव्याशी. मुलीच्या नावात नून, आयिन व हे अशी तीन अक्षरे, आणि अर्थ हालचालीचा, चालते राहण्याचा. म्हणजे दोन्ही नावे अर्थाने जवळजवळ उलटी. मराठीत लिहिताना 'नोहा' व 'नोआ' असा भेद पाळला तरी पुष्कळ घोटाळा टळेल.

ही नोआ कोण? मनश्शे वंशातील सलाफहादच्या पाच मुलींपैकी एक : महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. तिचे नाव तनाखमध्ये अवघे चार वेळा येते, तेही बहिणींच्या यादीत. एकटीची अशी तिची गोष्टच नाही. त्यामुळे सारा, रिबका, राहेल यांच्या मानाने हे नाव विरळाच राहिले.

परंतु पाचजणींनी मिळून केले ते लहान नव्हे. पिन्हास पाराशात (गणना 27) त्या मोशे रब्बेनू, एलाजार याजक व सर्व मंडळीसमोर उभ्या राहिल्या. आमचा बाप रानात वारला, कोरहाच्या बंडात तो नव्हता, त्याला मुलगा नाही, एवढ्यासाठी त्याचे नाव कुळातून का पुसावे? आम्हांला वाटा द्या, असे त्यांचे म्हणणे. मोशेने स्वतः निकाल दिला नाही, प्रश्न परमेश्वरापुढे ठेवला. उत्तर आले की मुलींचे बरोबर आहे. पुत्र नसेल तर वतन मुलीला जावे, असा नियम झाला. पुढे (गणना 36) कुळातल्या वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली, तेव्हा आपल्याच वंशात लग्न करावे अशी अट पडली. ही अट आम्हांला जड वाटते, पण मुलींनी ती मानली.

गंमत अशी की या दुसऱ्या ठिकाणी नावांचा क्रम बदलला आहे. पहिल्या यादीत नोआ दुसरी, येथे शेवटची. राशी म्हणतात, सर्वजणी सारख्याच योग्यतेच्या होत्या हे त्यावरून कळावे.

आज इस्राएलमध्ये 1965 च्या वारसा कायद्याने मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखा आहे. भारतातील ज्यूंनाही 1925 च्या भारतीय वारसा कायद्याने तोच हक्क आहे. तरीही "मुलीला लग्नात दिले की झाले" असे म्हणणारी घरे आपल्यात आहेत, हे कबूल करावे लागेल. नातीचे नाव नोआ ठेवणाऱ्या आजोबांनी तो अध्याय एकदा जरूर वाचावा.

यहोशवाच्या काळी त्या पुन्हा हक्क मागायला आल्या आणि त्यांना जमीन मिळाली. 1910 साली शोमरोनच्या उत्खननात शाईने लिहिलेली खापरे सापडली. द्राक्षारस व तेल कोठून आले, त्याच्या त्या नोंदी. त्यांत गावांच्या प्रदेशांची नावे आहेत, आणि त्यांपैकी दोन 'होग्ला' व 'नोआ' अशी आहेत.