कारखानीस म्हणजे कारखानदार नव्हे

चि. मनू,

‘काका, आपल्या पूर्वजाचा कारखाना होता!!!’ हा तुझा निरोप वाचला. पुढे तीन उद्गारचिन्हं. विरजण घालतोय, पण मने, कारखाना नव्हता. त्या मोडी कागदातला ‘कारखानीस’ हा गडावरचा अंमलदार. हवालदाराकडे गडाचा एकूण कारभार, सबनिसाकडे हजेरी आणि जमाखर्च, कारखानिसाकडे धान्य, दारूगोळा वगैरे सामग्री. कारखाना म्हणजे तेव्हा सरकारी खातं. शिवकाळात असे अठरा कारखाने मोजत. त्यांत हत्तींचा पीलखाना आणि स्वयंपाकाचा मुदबखखानाही आला. म्हणजे आपला माणूस कोठी सांभाळायचा. मला तर हे जास्त आवडलं. वेढा पडला की गड किती दिवस तग धरणार, हे त्याच्या कोठीवर ठरायचं.

हसू नकोस, मीही फसलोय. तुझ्या वयाचा असताना एका यादीत ‘दारूखान्याकडे’ असं वाचलं आणि घरात कुणालाही न दाखवता कागद पेटीत दडवला. ती बंदुकीची दारू होती, हे कळायला दोन वर्षं गेली.

तेव्हा जुन्या हुद्द्याला आजचा अर्थ लावायची घाई करू नकोस. हवालदार हा शब्दच बघ, गडाच्या मुख्य अंमलदारावरून पार पोलिसचौकीत येऊन बसला. ‘नीस’ हा फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. पोतनिसाचं पोतं गोणपाटाचं नव्हे, खजिन्याचं. पारसनीस फारसी पत्रव्यवहार बघायचा. अडलीस तर मोल्सवर्थचा कोश उघड, १८५७ ची आवृत्ती. फारसी शब्दाला माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा फारसी-मराठी कोश. हेच आपले कवी माधव जूलियन!

आणखी एक गोची. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास मोठ्या हुद्द्यांना संस्कृत नावं मिळाली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत. त्यामुळे एकच माणूस दोन कागदांत दोन हुद्द्यांनी भेटतो, आणि हौशी मंडळी त्याचे दोन भाऊ करून वंशावळीत बसवतात. जुनी नावंही लगेच सुटली नाहीत, म्हणून नुसत्या हुद्द्यावरून कागदाचा काळ ठरवू नकोस.

वतनाच्या कागदात तर हुद्दा एकाचा आणि काम दुसऱ्याचं, असंही असे. वतनदार घरी, लेखणी मुतालिकाच्या, म्हणजे त्याच्या वतीनं काम बघणाऱ्याच्या हातात. आडनाव कुलकर्णी असलं म्हणून प्रत्येक पिढीनं गावचं दप्तर लिहिलं, असं समजू नकोस. भावांत वतन एक आणि आडनाव मात्र सगळ्यांचं.

आपल्या कागदात ‘कारखानीस’च्या आधी एक अक्षर पुसट आहे. ते ‘मु॥’ असेल, तर तो मुतालिक निघेल आणि सगळं पुन्हा मांडावं लागेल. उजेडात धरून, फ्लॅश न लावता नवा फोटो काढ, आणि कागदाच्या पाठीचाही पाठव.

तुझा,
काका