रोग्याच्या उशाशी बसणाऱ्याची विचारपूस कोण करणार?

घरातील एक माणूस अंथरुणाला खिळले की त्या घरात हळूहळू दोन माणसे आजारी पडतात. पहिल्याच्या आजाराला नाव असते, त्याचा कागद असतो, त्याला भेटायला सोयरेधायरे येतात. दुसऱ्याच्या आजाराची नोंद कोठेही होत नाही. हे दुसरे माणूस म्हणजे रोग्याची रात्रंदिवस शुश्रूषा करणारी पत्नी, सून, मुलगी, आई किंवा एखाद्या घरी मुलगा. आजच्या लेखात आपण त्याचा विचार करू. अशा माणसाला आधार देण्याचे काम कोणाकोणाचे आहे आणि तो आधार मागायचा कसा, हे प्रत्येक घराला ठाऊक असले पाहिजे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण जवळपास १० टक्के होते. वय वाढले तसे पक्षाघात, मधुमेहामुळे पाय गमावणे, स्मृतिभ्रंश, कर्करोग असे लांबणीचे आजारही वाढले. आपल्या धामणगाव तालुक्यातील रोगी मोठ्या उपचारासाठी अमरावतीला जातो, नाही तर वर्धा गाठून सेवाग्राम किंवा सावंगीला जातो. तेथे आठ-दहा दिवसांत जिवावरचा धोका टळतो आणि सुट्टी होते. हातात एक कार्ड आणि गोळ्यांची पिशवी मिळते. दवाखान्यात तीन पाळ्यांमध्ये अनेक जण जे काम करीत होते, ते घरी आल्यापासून बहुधा एकट्या बाईच्या अंगावर पडते आणि वर्षानुवर्षे चालते.

एक नेहमीचे उदाहरण

माझ्याकडे एक सून सासऱ्यांच्या गोळ्या लिहून घ्यायला दर महिन्याला येत असे. सासऱ्यांना पक्षाघात होऊन नऊ महिने झाले होते. घरात दोन दीर होते. पैसे सर्व मिळून देत, पण रात्रीचे उठणे एकटीचे. सोयाबीनची सोंगणी चालू होती, त्यामुळे पहाटे रोग्याचे सगळे आटोपून ती वावरात जात असे आणि दुपारी धावत घरी येत असे. तिचा चेहरा पाहून मी म्हटले, "बाई, आज तुमचा रक्तदाब पाहू." ती म्हणाली, "मले काय होते जी, मामाजीच्या गोळ्या तेवढ्या लेहून द्या." रक्तदाब १७० वर ११० भरला. कंबर दुखणे, डोके जड होणे, झोप तुटणे हे सारे तिने विचारल्यावर सांगितले. आपणहून एक शब्द काढला नव्हता.

अशी बाई जवळजवळ प्रत्येक गावात सापडेल. ती तक्रार करीत नाही, कारण सेवा हा आपला धर्म आहे असे तिला वाटते आणि घरालाही तेच वाटते. सेवाभाव ही मोठी गोष्ट आहे, यात शंका नाही. पण सेवाभावाने रक्तदाब उतरत नाही.

अमेरिकेत रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आजारी जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्या वृद्ध पती-पत्नींकडे त्यांनी चार वर्षे लक्ष ठेवले. ज्यांना या कामाचा ताण जाणवत होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळला. कारणे समजण्यास कठीण नाहीत. झोप पुरी होत नाही, जेवणाची वेळ राहत नाही, स्वतःच्या गोळ्या चुकतात आणि स्वतःचे दुखणे 'पुढच्या महिन्यात पाहू' म्हणून मागे पडते.

घरच्यांना शिकवले की पुरे का?

अनेकदा असे म्हटले जाते की घरच्यांना व्यायाम व देखभाल शिकवली की तज्ज्ञांची गरज उरणार नाही. याची कसोटी आपल्याच देशात लागली आहे. भारतातील १४ रुग्णालयांतील १,२५० पक्षाघाताच्या रोग्यांवर झालेला 'अटेंड' नावाचा अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका गटातील रोग्यांच्या घरच्या माणसांना पुनर्वसनाचे व्यायाम शिकवून ते घरी करवून घेण्यास सांगितले. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार मिळाले. सहा महिन्यांनी पाहिले तर मृत्यू पावलेल्यांचे किंवा परावलंबी राहिलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, सुमारे ४७ टक्के होते.

याचा अर्थ घरच्यांना काही शिकवू नये असा नाही. कूस कशी बदलावी, नळीने अन्न कसे द्यावे, हे त्यांना यायलाच हवे. पण तज्ज्ञाचे काम घरच्या माणसाच्या खांद्यावर टाकून तज्ज्ञाने मोकळे व्हावे, हे चालणार नाही. ज्याचे काम त्याने केले पाहिजे. ते काम कोणते, हे आता क्रमाने पाहू.

डॉक्टर : आजार काय आहे, किती सुधारणा होईल आणि किती होणार नाही, हे डॉक्टरांनी शुश्रूषा करणाऱ्या माणसाला समोर बसवून साध्या भाषेत सांगावे. घरातील कर्त्या पुरुषाला बाहेर गाठून सांगितले की ते स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत नाही. गोळ्यांचे वेळापत्रक मराठीत लिहून मागा. कोणत्या खुणा दिसल्या तर ताबडतोब दवाखाना गाठायचा, हेही लिहून घ्या. आणि डॉक्टरांनी एक प्रश्न न चुकता विचारावा, "तुमची स्वतःची तब्येत कशी आहे?"

परिचारिका : घरी लागणारी बहुतेक कौशल्ये सिस्टरकडे असतात. रोग्याची कूस दर दोन तासांनी बदलावी. चादरीला सुरकुती राहू देऊ नये. पाठीवर, माकडहाडावर किंवा टाचेवर लाल चट्टा दिसला तर तो चोळू नये, त्या भागावरचा भार काढावा. नळीने अन्न देताना उशाकडील बाजू चांगली उंच ठेवावी आणि नंतर अर्धा तास तशीच राहू द्यावी. लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या पातळीखाली असावी. सुट्टी होण्यापूर्वी सिस्टरना म्हणा, "एकदा करून दाखवा आणि एकदा माझ्याकडून करवून घ्या." नुसते ऐकलेले घरी गेल्यावर आठवत नाही.

फिजिओथेरपिस्ट : यांचे काम रोग्याचे हातपाय हलविण्यापुरते आहे असा समज आहे. रोग्याला उचलणाऱ्याची कंबर वाचविणे हेही त्यांचेच काम. रोग्याला लुळा हात धरून कधीही ओढू नये, खांदा कायमचा दुखावतो. त्याच्या कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरावा, स्वतःचे गुडघे वाकवावेत, पाठ सरळ ठेवावी आणि रोग्याला अंगाजवळ घेऊन उठवावे. झोळ पडलेल्या दोरीच्या बाजेवर रोग्याला ठेवू नका. त्याला वळवता येत नाही आणि वाकून वाकून करणाऱ्याची पाठ जाते. सपाट लाकडी पलंग घ्यावा आणि गरज पडल्यास पायांखाली मजबूत लाकडी ठोकळे बसवून तो आपल्या कमरेच्या उंचीला आणावा. पलंग हलत नाही ना, हे तपासून घ्यावे.

समाजसेवक : आपल्या देशात वैद्यकीय समाजसेवकाची पहिली नेमणूक १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात झाली. आज मोठ्या शासकीय व वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हे पद असते, पण पुष्कळ लोक त्यांच्या खोलीपर्यंत जातच नाहीत. खर्चाची सोय, योजना, प्रमाणपत्रे यांची वाट ते दाखवितात. घरातील सर्वांना एकत्र बसवून कामाची वाटणी करून देणे हेही त्यांचे काम आहे. भाऊभाऊ एकमेकांशी जे बोलू शकत नाहीत, ते तिऱ्हाइतासमोर बोलतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

आशा आणि समुदाय आरोग्य अधिकारी : गावातील आशाताई २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आल्या. बाळंतिणीसाठी त्या घरी येतात हे सर्वांना माहीत आहे. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले. आज त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. वृद्धांची काळजी आणि असाध्य रोग्यांचा त्रास कमी करणारी उपशामक सेवा या गोष्टी तेथील सेवांच्या यादीत आहेत. तिशीपुढील प्रत्येकाचा रक्तदाब व साखर तपासणेही त्यात येते. म्हणून मंगरूळ दस्तगीर असो, अंजनसिंगी असो की तळेगाव दशासर, अंथरुणाला खिळलेला रोगी आपल्या घरी आहे हे आशाताईंना स्वतः सांगा. त्या घरी आल्या की रोग्याबरोबर आपलेही नाव तपासणीसाठी द्या.

मनाचे डॉक्टर : शुश्रूषा करणाऱ्याला चिडचिड होते, रडू येते, कधी 'हे कधी संपणार' असा विचार मनात येतो आणि त्या विचाराची लाज वाटते. असा विचार येणे हे पाप नव्हे. जीव थकला असल्याची ती खूण आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर २०२२ पासून फोनवर मोफत सल्ला मिळतो. आपल्याच अनुभवातील माणसांना भेटण्याचाही मोठा उपयोग होतो. कॅनडात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्या अनुभवातून त्यांनी १९९७ साली पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' उभी केली. रोग्यांचे नातेवाईक तेथे एकत्र बसून मन मोकळे करतात आणि एकमेकांच्या युक्त्या शिकतात. असे पाच-सात घरांचे बसणे धामणगावातही होऊ शकते. त्याला इमारत लागत नाही, महिन्यातला एक रविवार लागतो.

कचेरीतील मदत

संजय गांधी निराधार अनुदान आणि श्रावणबाळ योजनेचे अर्ज तहसील कार्यालयात होतात. अपंगत्व आले असल्यास दिव्यांग प्रमाणपत्र काढा, बहुतेक सवलतींची किल्ली तेच आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते, त्याची चौकशी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे करा. दवाखान्याच्या खर्चासाठी आजच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे मूळ रूप २०१२ साली ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाले, त्यात अमरावती होता. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, त्याला आधी भेटा.

ज्यांच्या घरी मतिमंद, बहुविकलांग, स्वमग्न किंवा सेरेब्रल पाल्सी असलेले मूल आहे, त्या आईबापांना एकच चिंता पोखरते, 'आमच्यामागे याचे काय?' १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अशा व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा. मुले सांभाळ करीत नसतील, तर आईवडिलांना २००७ च्या कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. वृद्धांविषयीच्या कोणत्याही अडचणीसाठी १४५६७ हा मदतीचा क्रमांक आहे.

ब्रिटनमध्ये १९९५ च्या कायद्याने शुश्रूषा करणाऱ्याला स्वतःच्या गरजांची पाहणी मागण्याचा हक्क दिला. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'काळजीवाहक' या शब्दाची व्याख्या आली आणि तिच्यात आईवडील व घरचे इतर लोकही मोजले गेले. जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेखही त्या कायद्यात आहे. शब्द कायद्यात आला. तो दवाखान्यातील केसपेपरवर यायला हवा.

शुश्रूषा करणाऱ्याने स्वतःला विचारावयाचे प्रश्न

१. गेल्या आठवड्यात सलग पाच तास झोप किती रात्री मिळाली?
२. माझा रक्तदाब व साखर गेल्या सहा महिन्यांत तपासली का?
३. माझ्या गोळ्या वेळेवर चालू आहेत का?
४. मी एक दिवस आजारी पडले, तर हे सर्व कोणाला येते?
५. माझे मन मी कोणाजवळ मोकळे करते?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'कोणालाच नाही' असे असेल, तर आजच घरातील दुसऱ्या एका माणसाला सर्व कामे शिकवायला घ्या. इतर भावांनी नुसते पैसे पाठवू नयेत, आठवड्यातील दोन रात्री वाटून घ्याव्यात. अंथरुणावरील रोग्याला सर्वांत आधी हवे असते ते धडधाकट करणारे माणूस. तेव्हा पुढच्या वेळी गोळ्या घ्यायला दवाखान्यात याल, तेव्हा रोग्याचा कागद पुढे करण्यापूर्वी आपला हात पुढे करा आणि म्हणा, "आधी माझा रक्तदाब पाहा."