गिअरबॉक्सवर आळ घेण्याआधी

धानाची मळणी लागली की मुर्रीच्या हवेत तुसाची धूळ तरंगत राहते. त्याच दिवसांत आमची डिझेल ऑटोमॅटिक गाडी उठेनाशी झाली. गोरेगावहून कोहमाऱ्याकडे जाताना ट्रकला ओव्हरटेक करायला जावं, तर आधी नुसती घरघर आणि मग कुठे ओढ. समोरून वाहन येत असताना एवढा उशीर जिवावर बेततो.

एका वर्कशॉपवाल्याने एक चक्कर मारून निकाल दिला, "भाऊ, गिअरबॉक्स गेला. वॉल्व्ह बॉडी बदला." स्कॅनर लावलाच नाही.

ऑटोमॅटिकमध्ये अशी गफलत सहज होते. टर्बो इंजिनातून निघणाऱ्या गरम वायूवर फिरतो, त्यामुळे दाब तयार व्हायला क्षणभर लागतोच. नेमका त्याच वेळी गिअरबॉक्स खालचा गिअर शोधत असतो. हे दोन उशीर आधी वेगळे करा. रिकाम्या सरळ रस्त्यावर मॅन्युअल मोडमध्ये तिसरा गिअर धरा आणि १,५०० आरपीएमवरून एक्सिलरेटर पाऊण दाबा. पूर्ण दाबलात तर काही गाड्या आपणहून गिअर उतरवतात. आरपीएमचा काटा झरझर चढला, पण वेग वाढला नाही, तर टॉर्क कन्व्हर्टर किंवा आतला क्लच घसरतोय. काटाच रखडत चढला, तर संशय हवेवर घ्या. आमचा रखडत होता. ब्रेक दाबून जागेवर रेस करायची स्टॉल टेस्ट मात्र घरी करू नका, गिअरबॉक्सचं ऑइल काही सेकंदांत तापतं.

मग ओबीडी स्कॅनर. चावी ऑन, इंजिन बंद असताना मॅप सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो; आपल्या भागात साधारण ९७ किलोपास्कल. इथेच भलता आकडा आला तर सेन्सर तपासा. आमचा ठीक होता. चालत्या गाडीत मात्र इंजिनाने मागितलेला बूस्ट (टर्बोचा दाब) आणि मिळालेला बूस्ट यांत चांगलंच अंतर पडत होतं.

एअर फिल्टर धुळीने माखलेला निघाला. तो बदलून थोडाच फरक पडला. खरं दुखणं इंटरकूलरच्या रबरी पाइपात होतं. खालच्या वळणावर तेलाचा ओघळ आणि त्यावर चिकटलेलं तूस. क्लिप सोडून पाइप वाकवला तेव्हा चीर दिसली. इंजिन आयडलवर असताना ती मिटलेली राहते, दाब वाढला की उघडते. त्यामुळे नुसतं बॉनेट उघडून डोकावण्यात अर्थ नाही. पाइपात दाबाने धूर भरून गळती शोधणारी स्मोक टेस्ट करून घ्या.

पाइप शाबूत निघाला तर टर्बोच्या ॲक्च्युएटरची व्हॅक्यूम नळी, उघडा अडकलेला ईजीआर वॉल्व्ह, काजळीने जाम झालेली टर्बोची पाती, या क्रमाने बघा. नवा टर्बो सगळ्यात शेवटी.

हवा गळत असताना डिझेल नीट जळत नाही. जुनी गाडी काळा धूर सोडून तसं सांगते तरी. बीएस-६ गाडीत ती काजळी धुराच्या फिल्टरमध्ये, म्हणजे डीपीएफमध्ये साठते, म्हणून पाइप बदलल्यावर डीपीएफ किती भरलाय तेही स्कॅनरवर पाहून घ्या.