कष्टाला नाव हवं

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

काल वहिनीचा फोन आला. तुमच्या प्रोजेक्टला पहिलं बक्षीस मिळालं, परीक्षकांपुढे तू एकटाच बोललास, असं ती कौतुकानं सांगत होती. मी विचारलं, सर्किट कुणी जुळवलं? म्हणाली, "गटातली ती मुलगी रात्र रात्र बसायची. प्रोजेक्टच्या अहवालाचं ब्लॅकबुकही तिनंच टाइप केलं." तेव्हापासून मनाला चैन नाही. परीक्षकांना तिचं नाव सांगितलंस का रे?

बोलण्यात तू पहिल्यापासून चुणचुणीत, मान्य. पण मुलीनं फाइल लावायची आणि मुलानं माइक धरायचा, ही वाटणी ठरवली कुणी? तुम्हा कुणालाच ती खटकू नये, याचा मला संताप आला.

जोसलिन बेल तुला अभ्यासात भेटली असेल. 1967 साली ती केंब्रिजला पीएच.डी. करत होती. रेडिओ दुर्बीण उभारायलाही तिचे हात लागले होते. रोज सुमारे शंभर फूट आलेखाचा कागद ती नजरेखालून घालायची. त्यात बोटाच्या पेराएवढीही नसलेली एक खूण तिला दिसली, आणि तिनं तिचा पिच्छा सोडला नाही. त्यातून पल्सार हा नव्या प्रकारचा तारा सापडला. 1974 चं नोबेल मात्र तिचे मार्गदर्शक ह्यूइश आणि मार्टिन राइल यांना मिळालं.

माझंच बघ. ड्रॉइंग ऑफिसात असताना गिअरबॉक्सचं झाकण मी नव्यानं आखलं. कागदाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत 'ड्रॉन बाय'पुढे माझी सही, 'डिझाइन्ड बाय'पुढे शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांची. मी गप्प बसले, ते अजून सलतं. "हे हिचं काम आहे," एवढं कुणी एकानं म्हटलं असतं, तर मलाही तोंड उघडायचं बळ आलं असतं. म्हणून पुन्हा विचारते, तिचं नाव सांगितलंस का?

फार बोलले, मनाला लावून घेऊ नकोस. दादा गेल्यावर आईला हातभार म्हणून पोळ्या लाटायला शिकलेला मुलगा तू. तुझ्या मनात खोट नाही, हे मी जाणते. कुणी लक्षात आणून दिलं नव्हतं, इतकंच.

आता त्याच कामावर पेपर पाठवताय म्हणे. त्यात तिचं नाव पहिलं घाल, आणि सरांना स्वतः जाऊन सांग की सर्किट तिचं आहे. दिवाळीत सगळ्या गटाला घरी घेऊन ये. जेवणाची आबाळ करू नकोस. आणि सरांशी बोललास की त्याच दिवशी मला फोन कर, बाळा.

तुझी,
आत्या