ऑप्टिमिस्ट : एका मुलाची एक होडी



होडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नावाडी येतो. आपण फक्त बसायचं, चालवणार तो. पण आज ज्या होडीची ओळख करून घेणार आहोत, तिच्यात नावाडी नसतोच. आठ-दहा वर्षांचं मूल तिच्यात एकटं बसतं आणि तेच तिचं कप्तान! ह्या शिडाच्या होडीचं नाव ऑप्टिमिस्ट, म्हणजे आशावादी.

जन्म कसा झाला?

गोष्ट १९४७ सालची. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात क्लिअरवॉटर नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. त्या काळी तिकडची मुलं बिनइंजिनाच्या खोकागाड्या बनवून उतारावर शर्यती लावायची. क्लिफर्ड मॅके यांच्या मनात आलं, समुद्र दाराशीच आहे, तर मुलांना गाडीऐवजी होडी का देऊ नये? तिथल्या ऑप्टिमिस्ट क्लबने ही कल्पना उचलून धरली. होडीचं नावही त्यावरूनच पडलं.

होडी बांधणारे क्लार्क मिल्स यांच्यावर काम सोपवलं. अट एकच : स्वस्त हवी आणि घरच्या घरी बांधता यायला हवी. प्लायवूडचा तक्ता मिळायचा आठ फूट लांब आणि चार फूट रुंद. मिल्स यांनी असल्या दोन तक्त्यांत होडी बसवली. टोकदार तोंड करायला लांबी पुरेना, म्हणून त्यांनी पुढची बाजू सरळ कापली. आजही ही होडी समोरून न्हाणीघरातल्या टबासारखी दिसते, ती त्यामुळेच!

होडीची रचना

लांबी साधारण २.३६ मीटर, वजन ३५ किलो, शीड साधारण ३.३ चौरस मीटर. डोलकाठी भोकात उभी करायची, तिला ताणाच्या तारा लागत नाहीत. शीड छोट्या दोऱ्यांनी काठ्यांना बांधायचं. एक बारीक तिरकी काठी शिडाचा वरचा कोपरा ताणून धरते. मागे सुकाणू आणि मधल्या फटीतून पाण्यात उतरणारी एक उभी फळी. झाली होडी तयार!

ती फळी कशाला?

वारा बाजूने आला तर होडी बाजूलाच सरकायला हवी ना? फळी तिला तसं सरकू देत नाही. कलिंगडाची ओली बी दोन बोटांत दाबून पाहा, ती सटकन पुढे उडते. तसंच इथे शीड आणि फळी यांच्यामध्ये दाब येतो आणि होडी पुढे जाते. मात्र थेट वाऱ्याच्या तोंडावर कुठलीच शिडाची होडी जाऊ शकत नाही. तिकडे जायचं तर नागमोडी वाट धरावी लागते.

सगळ्यात मोठा धडा

आता कल्पना करा. वारा अचानक वाढला, होडी एका बाजूला कलली. अंगात लाइफ जॅकेट आहे, सरांची बोट थोड्या अंतरावर आहे, पण होडीत तुम्ही एकटेच. काय कराल?

घाबरलं की माणूस हातात असेल ते घट्ट धरतो. इथे नेमकं उलटं करायचं असतं. शिडाची दोरी सैल सोडायची. शिडातला वारा निघून जातो, ते नुसतं फडफडतं आणि होडी पुन्हा सरळ होते. तरीही उलटलीच तर? होडीत हवेच्या पिशव्या असतात, म्हणून ती बुडत नाही. फळीवर भार देऊन ती सुलटी करायची, आत चढायचं, पाणी उपसायचं आणि पुन्हा निघायचं.

हे वाचून येत नाही, हात सुटल्यावरच येतं. म्हणूनच होडी साधी ठेवली आहे. भाग कमी, म्हणून चूक कुठे झाली ते मुलाला स्वतःलाच कळतं.

पुढे काय झालं?

ही होडी अमेरिकेतून डेन्मार्कला गेली आणि तिथून जगभर पसरली. तिच्या स्पर्धा पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी असतात. आपल्याकडे मुंबईच्या बंदरात आणि हैदराबादच्या हुसेन सागरातही ही चिमुकली शिडं दिसतात. कधी दिसली, तर आत बसलेल्या मुलाच्या हातातल्या दोरीकडे जरूर पाहा.

विचार करा :
१. ऑप्टिमिस्टचं तोंड टोकदार का नाही?
२. मधली फळी काढून टाकली तर होडी कशी जाईल?
३. घट्ट धरण्यापेक्षा सोडून देणं शहाणपणाचं ठरलं, असा तुमचा एखादा अनुभव पाच ओळींत लिहा.