कडक गिअरची जुनी व्हॅन : चालकांसाठी आणि मंडळीसाठी एक धडा



आपली व्हॅन लोणी काळभोरहून निघते तेव्हा पहिला तासभर तिचे दुखणे कळत नाही. सोलापूर रस्ता सरळ आणि सपाट. थेऊर फाट्यावरून केसनंद, वाघोलीकडे वळले तरी मोठा चढ नाही. एकदा टॉप गिअर पडला की हात मोकळा. मंचर, घोडेगाव मागे टाकून डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आहुप्याच्या रस्त्याला लागलो की मग गाडी बोलू लागते. तिथल्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांवर औषधे, वह्या, चादरी पोहोचवायच्या असतात आणि परतताना बहुतेक वेळा कोणी आजारी माणूस घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत आणायचा असतो.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका फेरीला मी स्टिअरिंगवर होतो. मागे सात माणसे, त्यात तापाने फणफणलेले एक मूल आणि त्याची आजी. उतारावर तिसऱ्यातून दुसऱ्या गिअरमध्ये यायला क्लच दाबला, दांडा ओढला, पण दुसरा पडेना. परत तिसराही लागेना. गाडी न्यूट्रलमध्ये आणि वेग वाढतोय. मी घाबरून ब्रेक दाबूनच धरला. थोड्याच वेळात करपल्याचा वास आला आणि पेडल मऊ पडले. शेवटी हँडब्रेक थोडाथोडा ओढत डोंगराकडच्या गटारात चाक घातले, तेव्हा गाडी थांबली. कोणाला खरचटलेही नाही, याबद्दल देवाचे आभार. मुलाला मागून आलेल्या जीपने पुढे नेले.

सकाळी बोनेट उघडले तर क्लचच्या ऑईलची बाटली तळाला गेलेली. गाडीच्या वहीत पंधरा दिवस आधी माझ्याच अक्षरात लिहिले होते : "गिअर कडक लागतो." लिहिले, आणि मीही बोनेट उघडले नाही. हा धडा म्हणूनच लिहायला घेतला.

गिअर कडक लागला की आपण समजतो गिअर बॉक्स गेला. बहुतेक वेळा बिचाऱ्या गिअर बॉक्सचा दोष नसतो. एक साधी तपासणी कोणीही करू शकतो. गाडी सपाटीवर उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवा आणि सगळे गिअर एकेक टाकून पाहा. आता इंजिन चालू करून, क्लच पूर्ण दाबून तेच करा. बंद इंजिनात गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू इंजिनात अडतात किंवा कर्रकर्र करतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजा. दोन्ही वेळा कडक असतील तर दांड्याचे सांधे, बुश किंवा आतले काम पाहावे लागेल. फक्त सकाळी थंडीत कडक आणि पाच-सात किलोमीटरनंतर सुरळीत, असे असेल तर ऑईल थंडीने घट्ट झालेले असते, नाहीतर चुकीच्या जातीचे भरलेले असते.

क्लच का सुटत नाही? पेडल दाबले की नळीतले ऑईल पुढचा दट्ट्या ढकलते आणि क्लच प्लेट इंजिनपासून वेगळी होते. ऑईल कमी झाले की नळीत हवा शिरते. हवा दाबली जाते, दट्ट्या पूर्ण सरकत नाही, प्लेट थोडी घासतच राहते आणि गिअर बॉक्समधला शाफ्ट फिरत राहतो. फिरत्या दातांत गिअर पडणार कसा? पेडल तीन-चार वेळा भराभर मारल्यावर गिअर पडत असेल तर हवा आहे, हे जवळजवळ नक्की. हे ऑईल म्हणजे बहुतेक गाड्यांत ब्रेकचेच ऑईल असते आणि ते हवेतली ओल शोषते. म्हणून बाटली भरलेली दिसली तरी दोन वर्षांनी ते बदलून घ्यावे. वरचेवर भरावे लागत असेल तर ते कुठेतरी गळते आहे. भरत बसू नका, गळती शोधा. तारेचा क्लच असेल तर तार ताणली गेली आहे का, पेडलचा मोकळा खेळ गाडीच्या पुस्तकाप्रमाणे आहे का, ते पाहा.

गिअर बॉक्सच्या ऑईलबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. दुकानदार म्हणतो "नव्वद नंबर द्या, सगळ्याला चालते." चालत नाही. नव्वद हा फक्त घट्टपणा झाला. डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ असेही लिहिलेले असते. जुन्या बॉक्समध्ये गिअर जुळवणाऱ्या पितळी रिंगा असतात. मागच्या डिफरन्शियलसाठीचे काही जीएल-५ ऑईल त्या रिंगांना खाते आणि निसरडेही इतके असते की रिंगेची पकड बसत नाही. पुस्तकात असेल तेच घ्या. बदलताना ऑईल कोमट असावे, आणि खालचा बोल्ट उघडण्याआधी भरण्याचा बाजूचा बोल्ट सुटतो का ते आधी पाहा. खालचे सगळे काढून बसलात आणि वरचा गंजून अडकला, तर गाडी तिथेच राहिली! काढलेल्या बोल्टवर राखाडी चिखलासारखे काही दिसले तर ते वयाचे लक्षण. पिवळे कण किंवा लोखंडाचे तुकडे दिसले तर मिस्त्रीला दाखवल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नका.

जुन्या व्हॅनची पुण्याला सवय आहे. बजाज टेम्पो १९५८ मध्ये सुरू झाली. तिच्या तीनचाकीमुळे आपण मालाच्या छोट्या गाडीला आजही 'टेम्पो' म्हणतो. पुढे आकुर्डीच्या कारखान्यातून मॅटाडोर आली. २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले, पण त्या काळच्या गाड्यांवर हात बसलेले मिस्त्री अजून आहेत. शिवाय लोणीत तेल कंपन्यांचे डेपो असल्याने टँकरवाल्यांची वर्दळ मोठी. मला डबल क्लच नीट शिकवला तो अशाच एका जुन्या टँकर चालकाने, चहाच्या टपरीबाहेर.

तो असा. खालच्या गिअरमध्ये यायचे आहे : क्लच दाबा, दांडा न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, ॲक्सिलरेटरला एक हलका झटका द्या, परत क्लच दाबा आणि गिअर टाका. मधल्या झटक्याने आतला शाफ्ट खालच्या गिअरला हव्या त्या वेगावर येतो, म्हणून दात न भांडता बसतात. वाचायला लांब वाटते, सवय झाली की एका श्वासात होते. दांडा मुठीत आवळू नका, तळहाताने ढकला. न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबा. रिव्हर्सला बऱ्याच जुन्या गाड्यांत जुळवणारी रिंगच नसते, म्हणून गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून तीन-चार सेकंद मोजा. आणि तरुण भावांनो, एक हात कायम दांड्यावर आणि एक पाय कायम क्लचवर ठेवून चालवण्यात शान नाही. त्याने आतले फोर्क आणि रिलीज बेअरिंग झिजते.

आता घाट. उतार सुरू होण्याआधी, गाडी हळू असतानाच खालचा गिअर टाका. ज्या गिअरने तो चढ चढलात, त्याच गिअरने उतरा. वेग इंजिन धरते, ब्रेक फक्त मदतीला. तोही दाबायचा आणि सोडायचा, धरून ठेवायचा नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करणे म्हणजे जिवाशी खेळ, कारण इंजिन बंद झाले की ब्रेकची ताकदही जाते. उतारात गिअर अडलाच तर माझ्यासारखे दांड्याशी झोंबू नका. नजर रस्त्यावर ठेवा, ब्रेक गरम होण्याआधीच घट्ट दाबून गाडी पूर्ण थांबवा आणि उभ्या गाडीत पहिला टाकून निघा. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे.

हितचिंतकांना थोडे हिशोबाचे. नव्या गाडीसाठी देणगी मागितली तर हात पुढे येतात. क्लच प्लेटचे बिल वाचले की कपाळाला आठ्या पडतात. माझ्या मते दुसरी देणगी अधिक गरजेची आहे. क्लच प्लेट बदलायला गिअर बॉक्स खाली उतरवावा लागतो आणि मजुरी त्याचीच जास्त. म्हणून एकदा उतरवला की रिलीज बेअरिंग आणि ऑईल सीलही त्याच वेळी बदलतो, प्रेशर प्लेट तपासतो. बिल मोठे दिसते ते यामुळे. पंधरा वर्षे झालेल्या खासगी गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते; तो खर्च, विमा आणि पीयूसीही त्याच खात्यात येतात.

वहीत आता एक नवा रकाना आखला आहे : "तक्रार कोणी पाहिली, कधी पाहिली." तो रिकामा असेल तर गाडी डिंभ्याच्या पुढे जाणार नाही. पुढच्या फेरीला जाऊ इच्छिणाऱ्या चालकांनी आधी एका पहाटे रिकामी व्हॅन घेऊन दिवे घाट चढून-उतरून दाखवायचा आहे, पालखीचे दिवस सोडून. शेजारच्या सीटवर मी असेन.